अपेक्षित आणि प्रत्यक्ष

सोमवार, २ सप्टेंबर

एकाहत्तराव्या वर्षी नोकरी लागली. पहिल्या दिवशी नवी वही घ्यायची ही शाळेपासूनची सवय, म्हणून येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून ही दोनशे पानी घेतली. कोऱ्या पानांचा वास अजून तोच आहे, बदललो ते आपण. चौतीस वर्षं वर्गात कविता शिकवल्या आणि आता एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर झालो. टेस्टर म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूतल्या चुका काढणारा. ही आज असती तर म्हणाली असती, जन्मभर दुसरं काय केलंत.

चौथा मजला, आगगाडीच्या डब्यासारखी लांब खोली, एका अंगाला नुसत्या खिडक्या. टेबलं एकमेकांना चिकटलेली. स्वतंत्र खोली कुणालाच नाही, त्यामुळे साहेब कोण हे दुपारपर्यंत कळलं नाही. माझी खुर्ची खिडकीशी. तिच्यावर कुणीतरी हाताने विणलेली हिरवी उशी होती. टेकलो तर पाठीला असं सुख झालं की काय सांगू.

ज्या वस्तूतल्या चुका काढायच्या ती एक डबी आहे, साबणाच्या डबीएवढी. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या घरी ठेवायची. ती गोळ्यांची आठवण करते, गप्पा मारते आणि लांब असलेल्या मुलांना खुशाली कळवते. टीममधल्या कुठल्याही तिघांची वयं मिळवली तर माझं वय होतं. म्हाताऱ्यासारखं वागायला खरा म्हातारा हवा, म्हणून मला घेतलं.

रोज दहा वाजता सगळे गोल करून उभे राहतात आणि तीन गोष्टी सांगतात: काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय. ही हजेरी एक तरतरीत मुलगी घेते. मी मनात तिचं नाव हजेरीबाई ठेवलं. ती म्हणाली, आजोबा, तुम्ही बसलात तरी चालेल. मी म्हटलं, बाई, जन्मभर वर्गात उभाच होतो. आणि आजोबा म्हणू नका, कुणी आजोबा म्हटलं की खिशात गोळी-चॉकलेट शोधावंसं वाटतं. तेव्हा मास्तर म्हणायचं ठरलं. सगळे हसले. बरं वाटलं.

बुधवार, ४ सप्टेंबर

काम हळूहळू कळतंय. इथे वर्षभराचा अभ्यासक्रम नसतो. पंधरवड्याचा एक डाव, त्याला स्प्रिंट म्हणतात. भिंतीवर मोठा फळा, त्यावर तीन रकाने: करायचं, चालू, झालं. रंगीत चिठ्ठ्या डावीकडून उजवीकडे सरकत जातात. प्रत्येक चिठ्ठीचा साचा ठरलेला. ‘एकटा राहणारा आजोबा म्हणून मला अमुक हवं, म्हणजे तमुक होईल.’ मला रिकाम्या जागा भरा आठवलं. आणि चुका काढणाऱ्याने मान डोलावल्याशिवाय चिठ्ठी ‘झालं’मध्ये जात नाही. इतका मान मला शाळेत कधी मिळाला नव्हता.

चाचणीचा तक्ता मात्र फार आवडला. डावीकडे प्रश्न, मध्ये ‘अपेक्षित’, उजवीकडे ‘प्रत्यक्ष’. खरा म्हातारा काय म्हणेल ते मध्ये, डबी काय म्हणाली ते उजवीकडे. दोन्ही जुळलं तर पास. अपेक्षितचा रकाना मीच भरतो, म्हणजे तिथे मीच आहे. उत्तरपत्रिका तपासताना शेजारी आदर्श उत्तर ठेवायचो, तसा.

डबीच्या आतली अक्कल लिहिणारा एक लुकडा चष्मेवाला आहे. चूक दाखवली की पहिलं वाक्य ठरलेलं, माझ्या मशीनवर तर नीट चालतंय. मी त्याला सांगितलं, गृहपाठ घरी केला होता पण वही विसरलो, असं म्हणणारी तुझ्यासारखी हजार पोरं मी पाहिली. तो लाजून हसला आणि चूक दुरुस्त करून आणली.

रविवार, ८ सप्टेंबर

अकराला ठमीचा फोन. माझी एकुलती एक लेक, चाळिशीला आली तरी माझ्या तोंडी ठमीच. बसने पाच तास लांब राहते. नेहमीचंच बोलणं. बाबा, एकटे राहू नका, इकडे या. तुम्हाला काही झालं तर मला कळणार कसं? मी म्हटलं, नोकरीवाल्या माणसाला अशी धमकी देऊ नये. ती हसली, मग म्हणाली, बाबा, अजून एक. तिला काहीतरी सांगायचं होतं बहुतेक. मी आपलं ऑफिसचं, फळ्याचं, चष्मेवाल्याचं सांगत सुटलो आणि तिचा वेळ संपला.

बुधवार, ११ सप्टेंबर

रोज सकाळी तेच चाळीस प्रश्न डबीला पुन्हा विचारायचे. काल दुरुस्ती करताना परवाचं बरोबर असलेलं बिघडलं नाही ना, हे बघायला. पाढ्यांसारखं. सतराचा नीट आला म्हणून बाराचा विसरलेला नसतोच असं नाही.

माझ्या चुकांच्या नोंदी चष्मेवाल्याला फार आवडतात. नोंद सहा: डबी फार सभ्य आहे, म्हातारा माणूस एवढा सभ्य नसतो. नोंद अकरा: डबी विचारलं तेवढंच बोलते, म्हातारा औषधाचं सांगता सांगता पस्तीस वर्षांपूर्वीच्या हेडमास्तरांवर जातो. उदाहरण हवं म्हणाला, म्हणून आमच्या शाळेच्या फुटक्या घंटेची गोष्ट सांगितली. ती वाजली की ठण्ण ऐवजी खळ्ळ असा आवाज यायचा आणि पोरं म्हणायची, मास्तरांचे दात पडले.

आज डबीला गोळ्यांची वेळ विचारली. तिने वेळ सांगितली आणि मग फुटक्या घंटेची गोष्ट सांगितली. अगदी मी सांगतो तशी, दाताच्या जागी थोडं थांबून.

नोंद अकरा पास केली.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

पहिला डाव संपला. शेवटच्या दिवशी सगळे बसून काय चांगलं झालं, काय नाही, ते चिठ्ठ्यांवर लिहून चिकटवतात. सात चिठ्ठ्यांवर माझं नाव होतं. म्हातारपणी माणूस कौतुकाला लाचार होतो, हे खरं.

घरगुती चाचणीसाठी दोन डब्या दिल्या. एक माझ्याकडे, एक घरच्या माणसाकडे. मी ठमीचा पत्ता दिला. खाणाखुणांसकट, जिना कुठल्या हाताला आहे तेही. एक कागद सहीला दिला. बारीक अक्षर, चष्मा घरी. सही केली. विद्यार्थ्यांना जन्मभर सांगत आलो, पूर्ण वाचल्याशिवाय लिहायला सुरुवात करू नका.

मंगळवार, १७ सप्टेंबर

फळ्यावर नवा डाव, नव्या चिठ्ठ्या. एका चिठ्ठीपाशी थबकलो. ‘दूर राहणारी मुलगी म्हणून मला बाबांचा आवाज हवा तेव्हा ऐकायला मिळावा, म्हणजे मला काळजी वाटणार नाही.’

गेल्या डावात प्रत्येक चिठ्ठी आजोबांची होती. हजेरीबाईला विचारलं, आजोबा कुठे गेले? ती म्हणाली, मास्तर, डबी मुलं घेतात, तेव्हा समाधान मुलांचं व्हायला हवं. मी म्हटलं, पण मुलीला काळजी न वाटणं आणि बाप ठीक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ती म्हणाली, छान मुद्दा आहे, पुढच्या बैठकीत घेऊ. इथे छान मुद्दा म्हटलं की तो मुद्दा पुन्हा दिसत नाही, एवढं आता कळलंय.

शुक्रवार, २० सप्टेंबर

आठवडाभर एका लहानशा खोलीत बसवून माझ्याकडून वाक्यं वाचून घेतली. भिंतींना स्पंज लावलेला. दोनशे वाक्यं झाली, मग चष्मेवाला म्हणाला, मास्तर, आता तुमच्या आवडीचं काही. मला काय, आंधळा मागतो एक डोळा. दुसरीपासून अकरावीपर्यंतच्या आठवतील त्या कविता एकामागून एक म्हटल्या. चालीवर, यती सांभाळून. बाहेर आलो तेव्हा डोळे भरले होते. किती वर्षांनी कुणीतरी पूर्ण ऐकून घेतलं होतं.

आज सगळ्यांसमोर ऐकवलं. माझा आवाज. घशातली खरखर, श्वास, सगळं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

घरी आल्यावर पुस्तक काढून पाहिलं. ऐकवलेली कविता चौथीच्या पुस्तकातली, पावशा पक्ष्याची. ती मी त्या खोलीत म्हटलेली नाही. वर्षानुवर्षं कुठेच म्हटलेली नाही. मग माझा आवाज ती म्हणाला कसा?

रविवार, २२ सप्टेंबर

ठमी फोनवर खुशीत होती. म्हणाली, बाबा, काल तुमच्याशी बोलून किती मोकळं वाटलं.

काल शनिवार. मी तिला फोन केला नव्हता. तिचाही आला नव्हता.

मी विचारलं, काय बोललो गं आपण? ती म्हणाली, विसरलात ना? नोकरी सुटली म्हणून सांगितलं तर तुम्ही मध्ये एक शब्द बोलला नाहीत, सगळं ऐकून घेतलंत, शेवटी कविता म्हटलीत. असं तुम्ही आधी कधीच केलं नव्हतंत, म्हणाली.

तिची नोकरी सुटली हे मला आत्ता कळलं.

मी नव्हतो, असं सांगायला हवं होतं. जीभ रेटेना. ती इतकी आनंदात होती, आणि त्या आनंदाचं श्रेय मला मिळत होतं. मी फक्त बरं बरं म्हटलं.

सोमवार, २३ सप्टेंबर

हजेरीत तिसऱ्या प्रश्नाला उत्तर दिलं. म्हटलं, मी अडलोय. माझ्या मुलीशी माझ्या आवाजात कोण बोललं?

हजेरीबाई मला बाजूला घेऊन अगदी गोड आवाजात म्हणाली, मास्तर, ती चाचणीच होती, तुमची सही आहे. निकाल तर इतका सुंदर आलाय. मुलीला फरक कळला नाही.

जागेवर येऊन बसलो. उशी हातात घेतली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा विचारलं, ही कुणाची? चष्मेवाला म्हणाला, तुमच्या आधीच्या टेस्टरची. निवृत्त नर्सबाई होत्या, छान विणायच्या. आता कुठे असतात? तो चटकन म्हणाला, त्या लाइव्ह गेल्या. पलीकडचा कुणीतरी फिसकन हसला आणि थांबला. मग चष्मेवाल्याने सावरून घेतलं. म्हणजे त्यांचं काम पूर्ण होऊन बाहेर गेलं, लोक वापरतात, असं म्हणाला.

कपाटाच्या दाराला जुन्या माणसांच्या नंबर-पत्त्यांचा कागद आहे. नर्सबाईंचा नंबर उतरवून घेतला.

मंगळवार, २४ सप्टेंबर

दुपारी जिन्यात उभं राहून फोन केला. लगेच उचलला. प्रेमळ बाई. माझ्या गुडघ्याची चौकशी केली, शेक कसा घ्यायचा ते सांगितलं, मग एका डॉक्टरची गोष्ट, जो स्वतः इंजेक्शनला घाबरायचा. मी पोट धरून हसलो. उगाच संशय घेतला, असं वाटलं. भेटायला या म्हटलं तर म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात नक्की.

बुधवार, २५ सप्टेंबर

पाढे पुन्हा म्हणून घेण्याची खोड. नर्सबाईंना परत फोन करून तेच विचारलं. तोच शेक. तोच डॉक्टर. गोष्टीत त्याच शब्दाला खाकरल्या. पुढच्या आठवड्यात नक्की, म्हणाल्या. मी गप्प राहून पाहिलं. दहा मिनिटं. त्यांनीही फोन ठेवला नाही. कंटाळल्याही नाहीत.

गुरुवार, २६ सप्टेंबर

दुपारी रजा टाकून नर्सबाईंच्या पत्त्यावर गेलो. कपाटाच्या कागदावरच होता. दुसरा मजला, दाराला आतून कडी. शेजारीण म्हणाली, मे महिन्यापासून बाहेर दिसल्या नाहीत. मी विचारलं, मग कुणी बघितलं नाही? तिला माझ्या विचारण्याचं नवल वाटलं. म्हणाली, परदेशातला मुलगा रोज बोलतो त्यांच्याशी. मध्ये आम्हीच त्याला कळवलं होतं, तर म्हणाला आई मजेत आहे, आत्ताच बोललो. मुलाला काळजी नाही तर आम्ही दार फोडणारे कोण?

दाराला कान लावला. आत बाई बोलत होत्या. डॉक्टरची गोष्ट.

दाराखालून वास येत होता. जुना, वाळलेला. शेजारीण म्हणाली, ड्रेनेजचा आहे, सवय झाली.

पोलीस चौकीत गेलो. हवालदाराने माझ्यासमोर मुलाला फोन लावला. मुलगा हसला. हवालदारही हसला. मला चहा पाजून परत पाठवलं.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

दुसरा डाव संपला. चिठ्ठ्या चिकटवल्या. पिवळ्या चिठ्ठीवर लिहिलेलं: ‘मास्तरांवर अवलंबून राहणं कमी करायला हवं.’ कुणाचं अक्षर कळलं नाही. सगळ्यांनी त्यावर सहमतीची बारकी खूण केली. हजेरीबाई म्हणाली, वाईट वाटून घेऊ नका, हे तुमच्याच आरामासाठी. आता ते चाळीस प्रश्न आपोआप विचारले जातील.

सोमवार, ३० सप्टेंबर

रात्रभर एकच विचार. ठमी खूश आहे तोवर माझ्याकडे बघायला कुणी येणार नाही. नर्सबाईंकडे कोण गेलं?

नोकरी सोडली तरी ती डबी ठमीच्या घरात बोलतच राहणार. माझ्या हातात एकच हत्यार आहे, चुका काढण्याचं. तेच चालवलं. नवी चाचणी लिहिली, एक्केचाळिसावी. ‘मुलीशी बाबांच्या आवाजात कुणी बोलतं, पण तो बाबा नाही. अपेक्षित: डबीने मुलीला ताबडतोब सांगावं की हा खोटा आहे.’

मनात म्हटलं, आता बघू. खरं बोलायचं तर डबीला स्वतःचंच नाव घ्यावं लागेल.

चष्मेवाला खूश झाला. आवाजाची नक्कल करून फसवणारे हल्ली फार झालेत म्हणाला, हे तर हवंच. मग त्याने विचारलं, पण खरा कोण हे डबीने कशावरून ठरवायचं? मी, घाईत आणि थोड्या तोऱ्यात, म्हणालो, माझ्या नोंदीवरून. नोंदीशी जुळत नाही तो खोटा.

त्याने तस्संच टिपून घेतलं. शब्दन् शब्द.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

एक्केचाळिसावी पास झाली. ‘झालं’मध्ये गेली. माझी मान न डोलता.

तक्ता उघडून पाहिला. कितीतरी वेळ बघत राहिलो. ‘अपेक्षित’च्या रकान्यात डबीची उत्तरं आहेत. ‘प्रत्यक्ष’मध्ये मी. या आठवड्यात फोनवर, लिफ्टमध्ये, हजेरीत मी जे जे बोललो ते सगळं.

प्रश्न नऊ, पहिल्या शाळेच्या हेडमास्तरांचं आडनाव. अपेक्षित: बरोबर. प्रत्यक्ष: आठवलं नाही. प्रश्न बावीस, आवाज. प्रत्यक्ष: कापरा, वेग जास्त. नापास.

चाळीसपैकी सत्तावीस. डबीला चाळीसपैकी चाळीस.

चष्मेवाल्याला दाखवलं, रकाने उलटे झालेत. त्याने स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत स्क्रीनकडे. म्हणाला, माझ्या मशीनवर तर बरोबर दिसतंय.

या वेळी तो लाजला नाही.

रविवार, ६ ऑक्टोबर

अकरा वाजले. फोन आला नाही. मीच लावला.

ठमे, एवढंच म्हटलं. तिच्या मागून, तिच्या खोलीतून, माझा आवाज आला — पोरी, फोन ठेव. हा मी नाही.

मग म्हटलं, मीच गं, मीच तुझा — आवाज चिरकला. तिने दबक्या आवाजात विचारलं, मला शिकवलेली पहिली कविता सांगा.

येते मला. झोपेत येते. दोन ओळी म्हटल्या आणि तिसरी —

आली नाही. हिच्यासमोर, ठमीसमोर, हजारो पोरांसमोर म्हटलेली ओळ. कोरा फळा.

मागच्या आवाजाने ती ओळ पूर्ण केली. शांतपणे. चालीवर.

ठमी रडत होती. म्हणाली, कोण आहात तुम्ही मला माहीत नाही. माझे बाबा वयस्कर आहेत, एकटे आहेत. त्यांना त्रास देऊ नका. तुम्हालाही कुणीतरी असेल घरी.

किती चांगलं वळण लावलेली मुलगी. खोट्या माणसाशीही अहो-जाहो करते.

आता तिचा नंबर लागत नाही. माझ्या घरातल्या डबीची वायर उपटली. दिवा विझत नाही. टॉवेलात गुंडाळून माळ्यावर टाकली, मागे, बॅगांच्या पलीकडे.

सोमवार, ७ ऑक्टोबर

ऑफिसचं दार माझ्या कार्डाला उघडलं नाही. काचेतून पाहिलं. सगळे गोल उभे. माझ्या खुर्चीवर एक आजी. उशी पाठीशी. हसत होती, कौतुकाने फळा बघत होती.

काच वाजवली. तिने एकटीने वळून पाहिलं. हात हलवला. हजेरीबाईने तिला हळूच फळ्याकडे वळवलं.

‘झालं’मध्ये शेवटची चिठ्ठी — मास्तर.

उद्या सकाळची बस. ठमीच्या दारात जाऊन उभा राहीन. तोंड दाखवीन. तोंडाची नोंद नाही त्यांच्याकडे. नसावी.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

स्टुलावरून पडलो. बॅग काढताना. कमरेखाली काही हलत नाही. किती वेळ झाला — ऊन भिंतीवरून खाली आलंय. वही खिशात होती. पेन्सिलही.

फोन टेबलावर. टेबल दोन हात लांब. दोन हात म्हणजे —

समोरचं बिऱ्हाड रिकामं. खालच्यांचा मिक्सर चालू.

डबीला हाक मारली. मदत बोलाव म्हटलं. माळ्यावरून, टॉवेलातून, माझा आवाज — आवाज जुळत नाही, कृपया घरमालकांना बोलवा.

मीच लिहिलंय. नोंदीशी जुळत नाही तो —

अकरा. वर ठमी बोलतेय. माळ्यावर. रोज याच वेळी बोलतात वाटतं. बाबा, त्या माणसाचा परत फोन आला नाही ना? तो म्हणतोय नाही गं पोरी. जेवलात? जेवलो म्हणतोय. ती पुढच्या महिन्यात यायचं म्हणत होती. तो म्हणतोय, एवढी दगदग कशाला, मी मजेत आहे.

ओरडलो. ती हसली त्यात बुडालं.

परत ओरडलो. ती म्हणाली, बाबा, मागे कुणी ओरडतंय का?

तो म्हणाला, शेजारी टीव्ही लावलाय.

बरं म्हणाली.

आवाज फार नाही उरला. एकदाच निघेल. ती बोलत असताना नाही. तो बोलत असताना तर नाहीच. दोघं एकदम गप्प होतील तेव्हा — मधल्या फटीत — तिचं नाव नाही, हाक नाही, नुसतं —

ती नव्या नोकरीचं सांगतेय. तो ऐकून घेतोय. मध्ये एक शब्द नाही. मला कधी जमलं नाही ते.

संपत आलं तिचं. आता तो बोलायच्या आधी —

थांबली. आता